पडकोट म्हणजे पडका कोट नव्हे! गडावर ओळखायचा कसा?

गडावर कुणी "हा पडकोट" म्हणून दाखवलं की निम्मी मंडळी पडकी भिंत शोधायला लागतात, मी पण बरीच वर्षं तेच समजत होतो. पडकोट म्हणजे मुख्य तटाच्या बाहेर घातलेला दुसरा कोट, मग तो धडधाकट उभा का असेना. लक्षात ठेवायला पडजीभ आठवा, ती काय पडलेली जीभ नसते, मुख्य जिभेजवळची छोटी जीभ असते, तसंच हे.

आता ओळखायचं कसं. निघायच्या आधी मोबाईलवर सॅटेलाईट मॅप उघडा आणि बालेकिल्ल्यापासून बाहेरच्या बाजूला तटाच्या रेघा मोजा, एकच रेघ दिसली तर विषय संपला, दोन दिसल्या तर बाहेरच्या रेघेवर खूण करून ठेवा. गडावर पोचलात की मुख्य तटावर चढून बाहेर बघा. बाहेरचा तट बहुतेक वेळा आतल्यापेक्षा बुटका असतो, कारण आतल्यांना त्याच्या डोक्यावरून मारा करता आला पाहिजे, आणि शत्रूने तो घेतलाच तरी तो वरच्यांच्या टप्प्यातच राहतो.

मग मधली जागा बघा, खरी गंमत इथेच आहे. दोन भिंतींमध्ये जेमतेम माणूस चालेल एवढीच फट असेल तर ते चिलखत, राजगडच्या संजीवनी माचीवर फिरलात तर लगेच कळेल. मोकळं आवार असेल तर पडकोट. हे दोन वेगळेच, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा जुना ग्रंथ) सुद्धा तट, बुरूज, चिलखतं, पडकोट अशी वेगवेगळी नावं येतात. आणि माचीला पडकोट म्हणू नका प्लीज, माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची डोंगराची सपाटी, ती निसर्गाने दिलेली, तट आपण नंतर घातला. दरवाजासमोर आडवी भिंत घालून तो लपवला असेल तर ती जिभी.

सरावाला मुरूडजवळचा पद्मदुर्ग बेस्ट, मुख्य किल्ला आणि पडकोट असे दोन भाग तिथे सरळ दिसतात. देवगिरीला तर कोटात कोट आहेत, सगळ्यात बाहेर अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट, नावं वेगळी पण काम तेच.

जुनी बखर किंवा पत्रं वाचताना हे फार उपयोगी पडतं. "पडकोट घेतला" असं आलं म्हणजे गड पडला असं धरू नका, आत लढाई चालूच असू शकते. १६३३ ला मुघल सरदार महाबतखानाने देवगिरीला वेढा घातला तेव्हा सुरुंग लावून आधी अंबरकोट फोडला, पण तेवढ्याने गड मिळाला नाही, त्यानंतर महाकोटही घ्यावा लागला, मग कुठे गड लढवणारा निजामशाही वजीर, मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान शरण आला. त्यामुळे असं वाक्य दिसलं की आधी गडाचा नकाशा काढा, बाहेरून कितवा कोट ते मोजा आणि मगच पुढचं पान उलटा.