लॅबला कुलूप लागायच्या आधी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला की आमच्या लॅबमध्ये दुपारी कोणी फिरकत नाही. उबुंटू लिनक्सवाली मशीन मात्र तिथंच असते आणि उपग्रहचित्रांचा सगळा डेटा तिच्याच पोटात. घरी मानेवाड्याला कूलरसमोर विंडोजचा लॅपटॉप. तिथला क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम इथल्या पडद्यावर उघडावा, एवढीच मागणी. एका वर्षी नुसता लॅपटॉप उचलून घरी आलो आणि दोन दिवस ‘कॅन नॉट ओपन डिस्प्ले’ वाचत बसलो. अडचण लॅबच्या मशीनवर होती आणि तिचा सुडो पासवर्ड, म्हणजे मशीनमध्ये बदल करायचा अधिकार, ज्या सरांकडे, ते गावाला गेलेले. तेव्हापासून माझी यादी लॅबमध्ये सुरू होते, घरी नाही.

आधी एक उलटं गणित डोक्यात बसवून घ्या. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स ही व्यवस्था एमआयटीत १९८४ साली सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ची, आणि आपण आजही त्याच अकराव्या आवृत्तीवर काम करतो. तिच्या भाषेत पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्याकडे, तो सर्व्हर. म्हणजे सर्व्हर आपला लॅपटॉप, आणि लॅबमधला धिप्पाड डबा हा क्लायंट. पाहुणे तिकडचे, ओसरी आपली. हे उलटं धरलं की माणूस लॅबच्या मशीनवर एक्स सर्व्हर टाकत बसतो. मीही बसलो होतो.

तर लॅबमध्ये, सुडोवाले सर चहाला निघायच्या आत, तीन गोष्टी करून घ्यायच्या. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची वाट, आणि लॅबच्या मशीनवर ती सांभाळणारी सेवा एसएसएचडी. तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एक्स११ फॉरवर्डिंग’पुढे ‘येस’ आहे का ते बघायचं आणि बदल केला तर ती सेवा पुन्हा सुरू करायची. ‘एक्सऑथ’ हे पॅकेज आहे का ते तपासायचं. मॉनिटर न लावता उभ्या केलेल्या मशीनवर ते बरेचदा नसतं, आणि ते नसलं की जोडणी होते, आज्ञा चालतात, फक्त खिडकी येत नाही. तिसरं म्हणजे ‘एक्स११-ॲप्स’ हे पॅकेज टाकून घ्यायचं, कारण त्यातलं एक्सक्लॉक हे घड्याळ आपल्याला घरी चाचणीसाठी लागणार आहे. थेट क्यूजीआयएस उघडून बघणाऱ्याला चूक जोडणीची की क्यूजीआयएसची, हेच कळत नाही.

आणखी दोन गोष्टी सुडोशिवाय जमतात. आपल्या होम फोल्डरात जागा आहे ना, ते बघा. प्रत्येक वेळी आत शिरताना तिथं ‘एक्सऑथॉरिटी’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये एक गुप्त कुकी, म्हणजे ओळखीची खूण, लिहिली जाते. कोटा भरलेला असेल तर ती लिहिली जात नाही आणि एररचा संदेश भलतंच काहीतरी सांगतो. दुसरं, देवनागरी फाँट. आजचे प्रोग्राम अक्षरं तिकडेच रंगवून चित्र म्हणून पाठवतात, त्यामुळे तुमच्या विंडोजवर कितीही मराठी फाँट असोत, उपयोग शून्य. लॅबच्या मशीनवर लोहित किंवा नोटो नसेल तर नकाशावर काटोल, उमरेड, रामटेकच्या जागी चौकोनी डबे दिसतील. फाँट स्वतःच्या होममध्येही टाकता येतात. खिडकीत थेट मराठी टाइप करायचा हट्ट मात्र सोडा; नावं फाइलमध्ये लिहून तिकडे पाठवा.

कॉलेजच्या बाहेरून साधं एसएसएच लागतं का, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅबमध्ये बसूनच बघून घ्यायचं. व्हीपीएन लागत असेल तर त्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा.

घरचं काम त्या मानानं सोपं. विंडोजवर व्हीसीएक्ससर्व्ह हा एक्स सर्व्हर टाका. सुरू करताना तो विचारतो तेव्हा ‘मल्टिपल विंडोज’ निवडा, डिस्प्ले क्रमांक शून्य ठेवा, आणि ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’वर खूण करू नका. इंटरनेटवर निम्मे लोक तीच खूण करायला सांगतात, कारण तिनं प्रश्न लगेच सुटल्यासारखा वाटतो. खरं म्हणजे तुम्ही ओसरीचं दारच काढून टाकता. तसंच विंडोजचा फायरवॉल पब्लिक नेटवर्कसाठी परवानगी मागेल, तीही नको. सगळी वाहतूक एसएसएचच्या बोगद्यातून येते आणि शेवटी लॅपटॉपच्या आतच ६००० क्रमांकाच्या पोर्टवर उतरते, बाहेरून कोणाला आत घ्यायचं कारणच नाही. एसएसएचसाठी पुटी हा प्रोग्राम वापरत असाल तर एसएसएचखालच्या एक्स११ पानावर खूण करून सेशन सेव्ह करा. सेव्ह केलं नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रामायण. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) असेल तर यातलं काहीच नको. त्यातून कॅपिटल एक्स किंवा वाय लावून (फरक पुढे सांगतो) एसएसएच केलं की खिडक्या येतात. मॅकवाल्यांनी एक्सक्वार्ट्झ हा त्यांचा एक्स सर्व्हर टाकून एकदा लॉगआउट करायचं.

मग चाचणी. आत शिरल्यावर ‘डिस्प्ले’ या चलाची किंमत छापून बघा. लोकलहोस्ट आणि पुढे १०.० असं काही दिसलं की बोगदा तयार आहे. काहीच दिसलं नाही तर चूक मागच्या टप्प्यात आहे. ती किंमत स्वतःच्या हातानं लिहून बसवू नका, मित्राचा फोन आला, “काऊन बे, खिडकी काऊन नाही उघडत?”, तर त्यानं नेमकं तेच केलेलं. नंतर एक्सक्लॉक. घड्याळ दिसलं की अर्धी लढाई जिंकली. सुडो लावून खिडकी उघडायला जाऊ नका, कुकी तुमच्या नावावर असते, रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) नाही.

कमांडवरून जाणाऱ्यांसाठी, एसएसएचच्या आज्ञेला लावायच्या कॅपिटल एक्स आणि कॅपिटल वाय यांतला फरक. एक्स जपून वागतो, पण काही प्रोग्राम त्यात अडखळतात आणि २० मिनिटांनी तो नव्या खिडक्यांना नकार देतो. वाय पूर्ण विश्वास टाकतो. उबुंटूवरून जाताना दोन्ही सारखेच वागतात, उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनवाल्यांनी तसं ठरवून ठेवलंय. वाय वापरताना एवढं लक्षात असू द्या की व्हीसीएक्ससर्व्ह विंडोजचा क्लिपबोर्डही वाटून घेतो. बँकेचा पासवर्ड कॉपी केलात तर तो तिकडच्या रूटलाही वाचता येतो.

वेगाचं म्हणाल तर एक्सला बँडविड्थपेक्षा फेऱ्या जड जातात. प्रत्येक क्लिकमागे बऱ्याच निरोपांची ने-आण होते, म्हणून फायबर असूनही नकाशा सरकवताना धीर धरावा लागतो. त्रिमितीय चित्रं तर या वाटेनं आणूच नयेत.

आणि लाइन, म्हणजे वीज. नवतपात ती जाणारच. जोडणी तुटली की फॉरवर्ड केलेला प्रोग्राम त्याच क्षणी मरतो, न जतन केलेल्या कामासकट. जोडणी तुटली तरी आज्ञा चालू ठेवणारा टीमक्स हा प्रोग्राम टर्मिनल वाचवतो, खिडकी नाही. तासभराच्या वरचं काम असेल तर मी एक्सप्रा वापरतो. त्यात खिडकी लॅबच्या मशीनवरच जिवंत राहते आणि लाइन आली की पुन्हा जोडून घेता येते. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर एक्सटूगो. दोन्हींचा तिकडचा भाग टाकायला पुन्हा सुडो लागतो, तेव्हा सरांना थांबवलंच आहे तर हेही उरकून घ्या.

घरी राउटर इन्व्हर्टरवर आहे का, तेही बघा. माझा कूलरच्या बोर्डवर होता.