साहसी प्रवासाचे अनुभवकथन कसे करावे

निर्णयाच्या क्षणी आपल्याला जेवढे ठाऊक होते, तेवढ्याच माहितीनिशी श्रोत्यांना आपल्या शेजारी उभे करणे, हे साहसी प्रवासाच्या अनुभवकथनाचे खरे काम आहे आणि त्याची तयारी प्रवासातच करावी लागते. शिखर सर झाले किंवा नाव वादळातून सुखरूप निघाली हे एकदा कळले, की आदल्या रात्रीची धास्ती स्मरणात फिकी पडते आणि जे केवळ सुदैवाने घडले ते आपण विचारपूर्वक केले होते, असे मनापासून वाटू लागते. म्हणून रोज मुक्कामावर, झोपण्यापूर्वी, दैनंदिनी लिहावी. वेळ, ठिकाण, तापमान, वाऱ्याची दिशा, उरलेले अन्न आणि इंधन यांच्या जोडीला कोणता पर्याय कोणी सुचवला, कोणाचा विरोध होता आणि भीती नेमकी कशाची वाटत होती, हेही त्यात यावे. कडाक्याच्या थंडीत पेनातील शाई गोठते, त्यामुळे पेन्सिल जवळ बाळगावी.

नोंदींचे महत्त्व ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. फ्रेडरिक कुक यांनी १९०८ मध्ये आणि रॉबर्ट पिअरी यांनी १९०९ मध्ये उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला, परंतु दोघांच्याही नोंदी अपुऱ्या ठरल्यामुळे त्या दाव्यांविषयीची शंका आजही मिटलेली नाही. याउलट रोआल्ड आमुंडसेन यांच्या तुकडीने डिसेंबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ पोहोचल्यावर आपले स्थान निश्चित करण्यासाठी सूर्याचे वेध पुनःपुन्हा घेतले आणि आसपासचा प्रदेशही पालथा घातला, त्यामुळे त्यांच्या यशाविषयी वाद उरला नाही.

परतल्यावर सर्वांत कठीण काम निवडीचे असते. निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा प्रत्येक टप्पा सांगण्याचा मोह आवरावा आणि संपूर्ण प्रवासातून असा एकच प्रसंग निवडावा, जिथे दोन्ही वाटा धोक्याच्या होत्या आणि तरीही एक धरावीच लागली. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या, अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडण्यासाठी निघालेल्या मोहिमेचे उदाहरण घ्यावे. त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातील बर्फात अडकले आणि नोव्हेंबरमध्ये बुडाले. पुढे २८ माणसे एलिफंट बेटावर पोहोचली. ही सारी हकीकत क्रमाने सांगू लागल्यास तासही पुरणार नाही. त्याऐवजी २४ एप्रिल १९१६ या दिवसापासून आरंभ करावा. सुमारे सात मीटर लांबीच्या होडीतून सहा जणांनी साउथ जॉर्जिया बेटाकडे सुमारे १,३०० किलोमीटर जायचे आणि उरलेल्या २२ जणांनी उलथ्या घातलेल्या होड्यांच्या आडोशाला वाट पाहायची, असे ठरले होते. कोण जाणार, कोण राहणार आणि होडी पोहोचली नाही तर काय, हे तीन प्रश्न मांडले की मागची हकीकत आवश्यक तेवढीच आपोआप आत येते. त्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्टला झाली, हे मात्र श्रोत्यांना शेवटपर्यंत कळू देऊ नये.

याच मोहिमेतून सत्यकथनाचाही धडा घेता येतो. ‘शॅकल्टन यांनी एकही माणूस गमावला नाही’ असे वारंवार म्हटले जाते, परंतु खंडाच्या दुसऱ्या बाजूने त्यांच्यासाठी अन्नसाठे पेरणाऱ्या रॉस समुद्रातील तुकडीतील तिघे मरण पावले होते. ते वगळल्यास कथा अधिक सुबक होते आणि खोटी ठरते. मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांची छायाचित्रे असामान्य आहेत, तरी त्यांतील काही त्यांनी एकाहून अधिक निगेटिव्ह जोडून तयार केली होती. आपण असे चित्र दाखवणार असल्यास तसे स्पष्ट सांगावे, वेगळ्याच दिवशी काढलेले छायाचित्र वापरल्यास तेही सांगावे. स्वतःची चूक लपवू नये. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर असलेले नॉर्वेचे फ्रिड्यॉफ नान्सेन आणि त्यांचे सोबती एप्रिल १८९५ मध्ये घड्याळांना चावी द्यायला विसरले. रेखांश काढायला अचूक वेळ लागते, त्यामुळे तो अचूक काढणे त्यांना अशक्य झाले. नान्सेन यांनी ही गोष्ट उघडपणे लिहून ठेवली आणि त्यामुळे त्यांच्या इतर नोंदींवरचा विश्वास वाढतोच, असे माझे मत आहे.

सोबत्यांची नावे घ्यावीत. पिअरी यांच्याबरोबर शेवटच्या टप्प्यात मॅथ्यू हेन्सन आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू व ऊकिया हे चार इन्युइट (आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी) होते, पण दीर्घकाळ श्रेय एकट्या पिअरींच्या नावावर राहिले. ओझे वाहणारे, वाट दाखवणारे आणि आसरा देणारे यांना ‘स्थानिक लोक’ एवढ्यावर गुंडाळणे अन्यायाचे आहे. एखाद्या सोबत्याच्या आजारपणाचा किंवा घाबरण्याचा प्रसंग सांगायचा असेल, तर त्याची परवानगी आधी घ्यावी, आणि तो हयात नसेल तर कुटुंबीयांशी बोलावे.

निसर्गाविषयी बोलताना ठिकाण कितपत उघड करावे, याचा विचार आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ हा ११५ मीटरहून उंच रेडवुड वृक्ष जगातील सर्वांत उंच जिवंत वृक्ष मानला जातो. त्याचे स्थान गुप्त ठेवलेले होते, तरी ते इंटरनेटवरून पसरले आणि येणाऱ्यांच्या पावलांखाली बुंध्याभोवतीची झाडोऱ्याची जमीन तुडवली गेली. अखेर २०२२ मध्ये तो परिसर बंद करून दंड व कैदेची तरतूद जाहीर करावी लागली. घरटी, गुहा आणि दुर्मीळ वनस्पती यांचे वर्णन मनसोक्त करावे. अक्षांश-रेखांश मात्र देऊ नयेत आणि छायाचित्रांतील स्थाननोंद काढून टाकावी.

सराव मोठ्याने आणि घड्याळ लावून करावा. छायाचित्रे थोडी ठेवावीत, कारण पडद्यावर चित्र बदलत राहिले की ऐकणाऱ्याचे लक्ष वाक्यावरून उडते. प्रश्नोत्तरांसाठी पुरेसा वेळ राखावा आणि त्याच मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याला नुसते प्रोत्साहन देऊन मोकळे होऊ नये. ऋतू, पाण्याच्या जागा आणि परत फिरण्यासाठी आपण ठरवलेली वेळ त्याला सांगावी, आणि आपली माहिती कोणत्या वर्षाची आहे हेही सांगावे, कारण हिमनदीवरील भेगा आणि नद्या ओलांडण्याच्या जागा वर्षागणिक बदलतात.