कामाचं भविष्य अभ्यासायचंय? आधी फील्डवर कुणाच्या गाडीतून जाता ते बघा

एचसीआयमध्ये, म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या अभ्यासात, मास्टर्स करणाऱ्या मुलामुलींना प्रबंधासाठी ‘कामाचं भविष्य’ हा विषय फार खुणावतो. बहुतेकांच्या प्रस्तावाचं पहिलं पान सारखंच असतं: फ्रे आणि ऑसबर्न, २०१३, ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात. तो अंदाज अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा होता, आणि यंत्राकडे जाण्याचा धोका जास्त आहे एवढंच त्यात म्हटलं होतं. तो आकडा काढून टाका. तुमच्या प्रश्नाला त्याची काडीचीही मदत होत नाही आणि व्हायव्हात पहिला वार नेमका तिथेच बसतो.

त्यापेक्षा असं काम शोधा ज्यात फोन आधीच शिरलाय, आणि ते काम बघायला जा. डिलिव्हरी, कॅब, घरी येऊन ब्यूटीचं काम करणाऱ्या मुली, आशा सेविका, बँकेचे वसुलीवाले, काहीही चालेल. मी अंगणवाडी घेतली. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बाल विकास योजना १९७५ ची. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचा पोषण ट्रॅकर आला आणि देशभरातल्या लाखो सेविकांच्या हातात एकच ॲप पडलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. फोन चालत नाहीत, ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. कामाचं भविष्य म्हणजे नेमकं काय ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? त्यात या बायकांना पगार नाही, मानधन मिळतं. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सांगायलासुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

वाचनाबद्दल थोडक्यात. अलीकडचे शंभर पेपर चाळण्यापेक्षा चार जुनी कामं नीट वाचा. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ, १९५१: ब्रिटनच्या कोळसा खाणींत नवी यंत्रं आली, कामगारांच्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि अपेक्षेइतकं उत्पादन काही वाढलं नाही. ल्यूसी सचमन, १९८७: झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात फोटोकॉपी यंत्रापुढे अडणारी माणसं. जोनाथन ग्रुडिन, १९८८. आणि २०१५ च्या सीएचआय या एचसीआयमधल्या मोठ्या परिषदेतला मिन क्युंग ली आणि सहकाऱ्यांचा उबर-लिफ्टच्या चालकांवरचा पेपर. यातला एकच वाचणार असाल तर ग्रुडिन वाचा. त्याचं म्हणणं साधं आहे: ज्याला जास्तीचं काम करावं लागतं आणि ज्याला फायदा मिळतो, ती दोन वेगळी माणसं असतील तर ती प्रणाली कोसळते. माझा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा राहिला.

आता मुख्य गोष्ट. इथे मी लांबण लावणार आहे, कारण याच सापळ्यात माझं जवळजवळ एक सत्र गेलं.

सरकारी यंत्रणेतल्या माणसांवर संशोधन करायचं म्हणजे परवानगी लागते. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून पत्र मिळतं. साहेब चांगले असतात, म्हणतात, एकट्या कुठे जाताय, आमच्या मुख्यसेविका (पर्यवेक्षिका) येतील बरोबर, गाडीही आहे. तुम्ही हरखून जाता. गाडी अंगणवाडीपुढे थांबते, मॅडम उतरतात, तुमची ओळख करून देतात: ‘या मुंबईहून आल्यात, ॲपची माहिती घ्यायला.’ ताई खुर्ची पुसून देतात. चहा येतो. तुम्ही रेकॉर्डर लावता आणि विचारता, ॲप कसं वाटतं? ताई सांगतात, छान आहे, काम सोपं झालंय, रेंजचा थोडा प्रॉब्लेम आहे बाकी काही नाही.

पुढच्या अंगणवाडीत तेच. त्याच्या पुढच्या अंगणवाडीतही तेच.

तुम्हाला वाटतं, सगळीकडे एकच उत्तर येतंय म्हणजे डेटा पुरेसा झाला, आता थांबायला हरकत नाही. तसं अजिबात नाही. तुम्ही एकच मुलाखत पुन्हा पुन्हा घेतलेली असते, आणि ती मॅडमच्या उपस्थितीची असते. ताईंच्या जागी बसून बघा. मुख्यसेविका हजेरी बघते, अहवाल वर पाठवते, नोंदी राहिल्या तर व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकते. ॲपमधल्या कामावर महिना ५०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता अवलंबून असतो. तिच्या गाडीतून उतरलेली, तिच्याशी हसून बोलणारी, हातात रेकॉर्डर घेतलेली मुलगी म्हणजे तपासणीच. तपासणीला माणूस जे बोलतो तेच तुम्हाला मिळतं. यात ताई खोटं बोलत नाहीत. त्या स्वतःची नोकरी सांभाळताहेत.

सापळा ओळखायचा कसा? तुमच्या निष्कर्षात ‘अधिक प्रशिक्षणाची गरज’ आणि ‘सोपा इंटरफेस हवा’ ही दोनच वाक्यं ठळक दिसायला लागली की समजा, तुम्ही अडकलात. या दोन वाक्यांनी कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून ती सगळे बोलतात. मुलाखतींतून समान सूत्रं शोधायची ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ ची विश्लेषणाची पद्धत कितीही काटेकोर वापरा, मुळात जे बोललंच गेलं नाही ते त्यातून निघणार नाही.

बाहेर कसं पडायचं ते आता सांगते. परवानगी टाळू नका, तो मूर्खपणा होईल आणि त्याची झळ ताईंना बसेल. परवानगी कागदावर घ्या, आभार माना, गाडी मात्र नाकारा. एसटीने जा. ओळख दुसऱ्या वाटेने काढा: निवृत्त सेविका, कर्मचारी संघटनेतलं कुणी, बचत गटातल्या बायका. मला एका मदतनीस ताईंनी दार उघडून दिलं, तेही मी खिचडी वाटायला हात लावल्यावर. पहिल्या भेटींत रेकॉर्डर नको, वहीसुद्धा नको. मुलं घरी गेल्यावर जा. आणि ॲपबद्दल विचारूच नका. ‘काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ॲप आपोआप येतं.

संमतीपत्राचंही तेच. मॅडमसमोर घेतलेली सही ही संमती नव्हे. एकटीत, मोठ्याने वाचून दाखवा, नाही म्हटलं तरी कुणाला कळणार नाही हे सांगा आणि ते पाळा. कोण बोललं याची यादी कार्यालयाला द्यायची नाही, कितीही सहज मागितली तरी. प्रबंधात ‘वीस वर्षं सेवा झालेल्या, दोन अंगणवाड्यांचा कार्यभार असलेल्या सेविका’ असं लिहिलंत की नाव बदलून काही उपयोग नाही, बीटमधल्या, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांतल्या, प्रत्येकीला कळतं त्या कोण. म्हणून एकापेक्षा जास्त तालुक्यांतल्या ताईंशी बोला आणि तपशील मिसळून टाका.

गाडी सोडल्यावर काय दिसतं? एका दुपारी मी एका ताईंशेजारी बसले होते. वजनकाट्यावर बाळ रडत होतं, आई त्याला धरत होती, ताईंनी आकडा पेन्सिलीने जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिला. मग नव्या रजिस्टरमध्ये. ॲपमध्ये नाही, कारण तिथे रेंज नव्हती. ती नोंद रात्री घरी, भाकऱ्या झाल्यावर, ओट्यावरच्या कोपऱ्यात फोन उभा करून झाली. एकाच वजनाची तीनदा नोंद. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं, तेव्हा आणखी एक काम वाढलं. आई माहेरी बाळंतपणाला गेलेली, पाकीट न्यायला सासू आलेली. ओटीपी जातो तो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ऊसतोडीला. ताई सासूला परत पाठवत नाहीत. ते कसं निभावतात, त्याची वाट प्रत्येकीने वेगळी काढली आहे, आणि तीच माझ्या प्रबंधातली सगळ्यात मोलाची प्रकरणं झाली. त्यातल्या काही वाटा मी छापल्याच नाहीत. छापल्या असत्या तर वरून बंद झाल्या असत्या.

हे ओझं कुठल्याही उपयोगिता चाचणीत, म्हणजे ॲप वापरायला किती सोपं ते तपासणाऱ्या चाचणीत, दिसत नाही. बटण मोठं केलं, भाषा मराठी केली, तरी तिसरी नोंद ताईंच्या रात्रीतूनच निघते आणि तक्ता दिसतो मंत्रालयात. ग्रुडिन यावरच बोट ठेवतो.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत. गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून कामगारांचा अभ्यास होत नाही. त्या ग्रुपवर मॅडम असतात. एआयकडून ‘काल्पनिक सेविका’ तयार करून तिची मुलाखत घेणारे प्रस्ताव मी वाचलेत. तुमच्या-माझ्या मनात आधीच असलेलीच ताई तिथे बोलते, त्यामुळे ते करूच नका. ध्वनिमुद्रण आपोआप उतरवून घेणाऱ्या साधनांचा मोह मला समजतो, पण अहिराणी मिसळलेली मराठी, मागे रडणारी मुलं आणि बाजूची गिरणी यांत ती साधनं नेमकी महत्त्वाची जागा गाळतात. शिवाय तो आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो हे तुम्ही ताईंना सांगितलंय का? हाताने उतरवा. कंटाळवाणं आहे, खरंय. माझे बरेचसे निष्कर्ष हेडफोन लावून तेच वाक्य परत परत ऐकतानाच सुचले.

गाइड निवडताना नाव बघू नका. सीएचआयमध्ये किती पेपर आहेत यापेक्षा ते तुमच्या फील्ड नोट्स वाचतात का, ते विचारा. माझ्या सरांनी पहिल्या गठ्ठ्यातलं एक पान उचलून विचारलं होतं, ‘या वेळी खोलीत आणखी कोण होतं?’ त्या प्रश्नाने सगळं उलगडलं. सीनियर विद्यार्थ्यांना तेवढंच विचारा: सरांनी शेवटचं तुमचं कच्चं लिखाण कधी वाचलं? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर दुसरे गाइड बघा.

आणि जे आता अर्ध्यावर आहेत, ज्यांच्याकडे गाडीतून केलेल्या मुलाखतींचा गठ्ठा आहे, त्यांनी घाबरू नये. तो फेकू नका. वरिष्ठांसमोर काय बोललं जातं याचा तो उत्तम पुरावा आहे. नंतर एकटीत झालेल्या बोलण्याशेजारी ठेवला की फरकाचंच एक प्रकरण होतं, आणि परीक्षकांना ते आवडतं. वेळ कमी असेल तर मोजक्याच ताईंकडे पुन्हा जा, पण पुन्हा पुन्हा जा. मास्टर्सच्या प्रबंधाला तेवढं पुरतं. पहिलं पोस्टर इंडिया एचसीआय परिषदेला पाठवा. नाकारलं गेलं तरी अभिप्राय मिळतो, आणि तो फुकट असतो.

ताईंचा वेळ मात्र फुकट घेऊ नका. तासाचे पैसे द्या, बजेटमध्ये आधीच लिहा, आणि ते कार्यालयामार्फत देऊ नका. प्रबंध जमा झाल्यावर चार पानांचा मराठी सारांश काढून संघटनेकडे आणि ताईंकडे एकाच दिवशी पोचवा. कार्यालयाला तो त्यानंतर द्या. मधल्या काळात ताईंना एखादं वाक्य खोडायचं असेल तर ते खोडलं गेलं पाहिजे, त्यासाठी तेवढे दिवस हाताशी ठेवा.