गावात फ्लूची साथ आली तर काय करायचं

२००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, साधी सर्दीवाले, तापाने फणफणलेले आणि नुसते घाबरून आलेले सगळे एकाच रांगेत तासन्‌तास. त्यामुळे गावात साथ आली की पहिलं काम म्हणजे असली गर्दी होऊ द्यायची नाही.

१) एकाच वर्गातली चार-पाच पोरं तापाने घरी बसली किंवा एका आळीत घरोघरी खोकला ऐकू यायला लागला की लगेच आशाताईंना नाहीतर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना कळवा. रिपोर्टबिपोर्टची वाट बघत बसू नका.

२) एक वही ठेवा. नाव, घर, ताप आला ती तारीख. तारीख विसरायची नाही, कारण टॅमिफ्लू, म्हणजे फ्लूवरची गोळी, पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त गुण येतो. आमच्या आशाताई गरोदर बायका, पाचच्या आतली मुलं, पासष्टच्या पुढचे, दमा-शुगर-हार्टवाले यांच्या नावाला लाल पेनाने गोल करतात, आणि रोज फेरी तिथूनच सुरू होते.

३) आता वर्गवारी. सरकारी नियमातच अ, ब, क आहे. अ म्हणजे सौम्य ताप, खोकला, अंगदुखी, यांनी घरीच थांबायचं, टेस्टही नको न्‌ टॅमिफ्लूही नको. ब म्हणजे ताप जास्त, घसा खूप दुखतोय, किंवा लाल गोलवाल्यांपैकी कुणीही, यांना टेस्ट न करता डॉक्टर ठरवतील तसं औषध. क म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, नखं निळी, लहान मूल खात-पीत नाही, यांना थेट हॉस्पिटल. स्वॅब यांचाच घेतात, पण औषध रिपोर्टच्या आधीच सुरू होतं. मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नका, आणि मुलांना ॲस्पिरिन तर अजिबात नाही.

४) आजारी माणसाला वेगळी खोली, ती नसेल तर निदान खिडकीजवळची जागा, तोंडाला मास्क नाहीतर रुमाल, आणि सेवा करायला घरातलं एकच माणूस, ते शक्यतो गरोदर किंवा म्हातारं नको. साधारण आठवडाभर शाळा, लग्न, आरती काही नाही. शाळेनेही आजारी पोराच्या हजेरीचा हट्ट सोडावा, माझी खरंच हात जोडून विनंती आहे, शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी तापातली पोरं बाकावर बसलेली मी बघितलीत.

५) रोज संध्याकाळी लाल गोलवाल्या घरी फोन. ताप किती एवढंच विचारू नका. आमच्या आळीतल्या एका आजींचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, घरचे निवांत झाले, पाचव्या दिवशी परत चढला. सुनेला फोनवर म्हटलं, त्यांना उजेडात आणा न्‌ नखं बघा, बोलताना दम लागतोय का ते बघा. नखं निळसर होती, एक वाक्य पुरं होत नव्हतं. न्यूमोनिया निघाला. त्याच रात्री १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली, म्हणून आजी घरी परत आल्या.