मुळं गेलेलं ऑर्किड: मृगाआधी एवढं करा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की फॅलेनोप्सिस ऑर्किडची पानं चामड्यासारखी सुरकुततात. ते पाहून घरातला प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो आणि झाड हातचं जातं. पाणी प्यायला खाली मुळंच नसतात. साचलेल्या ओलीत उरलीसुरलीही कुजतात.

आधी झाड कुंडीतून काढून बघा. मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबा. टणक लागलं तर जिवंत, रंग मळकट असला तरी. पिचपिचीत लागलं, वरचं आवरण मोज्यासारखं निसटून आत नुसता दोरा राहिला, तर गेलेलं. ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडने तेवढंच कापा. कापावर चिमूटभर दालचिनीपूड लावा. चांगल्या मुळाला लागली तर तेही सुकवते. फुलाचा दांडा असेल तर तोही काढा, जीव कितीही हळहळला तरी. मग दिवसभर सावलीत जखमा सुकू द्या.

पुढचं काम रावेर-यावलच्या केळीवाल्यांना समजावायला नको. टिश्यूकल्चरचं नाजूक रोप शेडनेटमधल्या दमट हवेत सांभाळतात, तेच इथे पिशवीत करायचं. स्फॅगनम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. पारदर्शक पिशवीच्या तळाशी पसरून वर झाड ठेवा. बुंधा मॉसला जेमतेम टेकावा, पानांच्या बेचक्यात पाणी नको. तोंड बांधा, एक-दोन दिवसांआड दहा मिनिटं उघडा. बुरशी दिसली तर जास्त वेळ. जागा उजेडाची, पण उन्हाची नाही. कूलरची खोली उत्तम, झोतापासून बाजूला. मी एकदा पिशवी गच्चीच्या दारात विसरलो. दुपारी पानं शिजवलेल्या मेथीसारखी निघाली.

बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. आरओचं चालेल. पाऊस लागला की पहिल्या सरीने पत्रे धुऊन जाऊ द्या, मग पागोळीखाली भांडं लावा.

दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही. जुन्या पानांच्या सुरकुत्या पुरत्या जात नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका. बुंध्याशी हिरवं टोक फुटतंय का ते बघा. मुळं बोटभर होईपर्यंत खत नाही. नंतर छोटी कुंडी, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा.

ऑर्किड डेन्ड्रोबियम जातीचं, कांड्यांचं असेल तर जुनी कांडी सुरकुतली म्हणून कापू नका. नवा कोंब तिच्याच साठ्यावर निघतो.