तंबूच्या जागेचा इतिहास कसा लिहावा : हरिश्चंद्रगडाचे उदाहरण

हरिश्चंद्रगडावर आज जिथे तंबू पडतात, त्या परिसरात ट्रेकर येण्याच्या कितीतरी आधी एकांतात साधना करणारी माणसे राहून गेली आहेत. अशा जागेचा इतिहास लिहायचा असेल, तर आरंभ पुस्तकांपासून न करता पाण्यापासून करावा. टाकी, सप्ततीर्थ पुष्करणी, मंगळगंगेचा ओघ आणि तारामती शिखराच्या पायथ्याची लेणी एका हातनकाशावर मांडली, की डोंगरावर राहण्यासाठी नेमकी हीच जागा का निवडली गेली, हे आपोआप उलगडते.

मग एकेका वास्तूपाशी थांबून जे दिसते तेवढेच लिहावे. केदारेश्वराच्या गुहेत गारठवणाऱ्या पाण्यात उतरून भल्यामोठ्या शिवलिंगाभोवती फिरले, की चार खांबांपैकी एकच अखंड उरल्याचे दिसते. ही झाली नोंद. खांब म्हणजे चार युगे, ही कथाही जरूर लिहावी, पण लोकश्रद्धा म्हणून, वेगळ्या रकान्यात. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळातील शिलालेख वाचताना अक्षरांवर खडू, तेल किंवा रंग कदापि लावू नये. तिन्हीसांजेला टॉर्च भिंतीलगत तिरका धरला, तर झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि छायाचित्रही स्पष्ट येते.

त्यानंतर ग्रंथांकडे वळावे. चांगदेवांच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथाच्या अखेरीस हरिश्चंद्र पर्वताचा व मंगळगंगेचा उल्लेख येतो आणि शके 1234 हा काळ दिलेला आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन 1312 मिळते. मात्र या सनावरून लेण्यांचे वय ठरवण्याचा मोह टाळावा, कारण तो ग्रंथाचा काळ आहे, खोदकामाचा नव्हे. नगर जिल्ह्याचे 1884 चे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, हेही पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो अलीकडचा थर, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. गणेश गुहेत पूर्वी कोण मुक्कामाला येत असे, चूल कुठे मांडली जाई, तंबू भाड्याने देणे कधी सुरू झाले, हे पायथ्याच्या पाचनई आणि खिरेश्वर या गावांतील जाणत्या माणसांना विचारावे, त्यांच्या परवानगीने त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि छतावरच्या काजळीचे श्रेय पुराव्यावाचून तपस्व्यांच्या धुनीला देऊ नये. लेखन पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत गावच्या शाळेत द्यावी आणि गावकऱ्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तारखेसह त्यात जोडाव्यात.