स्टॅटिन घेताना स्नायू दुखू लागले, तर

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी सुरू झाल्यावर जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, की ती परस्पर बंद करावीशी वाटते. विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर तसे कदापि करू नये. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही औषधे यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्याच्याच वाटेवर पुढे कोएन्झाइम क्यू-१० हा पदार्थही तयार होतो, आणि पेशींच्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) ऊर्जानिर्मिती होत असताना इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम तो करतो. म्हणून त्याच्या कमतरतेनेच स्नायू दुखतात आणि त्याच्या गोळ्यांनी बरे वाटते, असे मानले जाते. स्टॅटिनमुळे रक्तातील क्यू-१० घटते हे खरे. पण ते मुळात एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) कणांतूनच फिरत असल्याने एलडीएलबरोबर तेही उतरते, आणि स्नायूंतील साठाही तसाच घटतो, असे सातत्याने आढळलेले नाही. त्यामुळे क्यू-१०च्या महाग गोळ्यांवर आधी खर्च करू नये.

प्रथम नोंद ठेवावी: दुखणे कधी सुरू झाले, गोळीची मात्रा कधी वाढली, दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच दुखतात का. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे औषध मध्येच सुरू झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने काही स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. सीपीके या, स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीपूर्वी दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळावा, अन्यथा आकडा त्यानेच वाढलेला दिसेल. थायरॉइडही तपासून घ्यावे, कारण ते मंदावले तरी स्नायू असेच दुखतात.

त्यानंतर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून, पुन्हा सुरू करून पाहतात. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी आणि काही महिने औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही जाणवला. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. कारण मात्र बहुतांशी औषधाबाहेर होते. त्रास खरोखर औषधाचाच ठरला, तर मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन घेणे किंवा एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या वेगळ्या औषधाची जोड देणे, हे मार्ग उरतातच.

गोळी परस्पर बंद न करण्याला अपवाद एकच: तीव्र वेदना किंवा अशक्तपणाबरोबर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचा, विरळा पण खरा, धोका तेव्हा असतो.